बोरसावंगीचा एक मिनिटाचा थांबा

हिंगोलीला जाऊन आले असं सांगितलं की सांगलीत दोन प्रश्न येतात. एक, 'हे नक्की कुठं आलं?' आणि दुसरा, 'तिथं बघायला काय आहे?' पहिल्याचं उत्तर नकाशात आहे. दुसऱ्याचं उत्तर निघताना मी 'हळद' असं देत होते. माझा मसाल्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन कांडपयंत्रं, सहा बायका आणि मी. हळदीचं गाव म्हणून आम्हा सांगलीकरांची मान ताठ असते, पण आमच्या बाजारात येणारी बरीच हळद मराठवाड्यातली असते, हे आमचे व्यापारीही हळू आवाजात कबूल करतात. ती कुठं पिकते, कोण निवडतं, ते एकदा स्वतः बघावं एवढाच हेतू होता. चार दिवसांत धड हळद बघितली ती शेवटच्या दिवशी. बाकीचा वेळ एका रेल्वेगाडीनं खाल्ला, आणि ती गाडी थांबणार होती एक मिनिट.

शुक्रवार, हिंगोली

उज्ज्वला माझी वसतिगृहातली मैत्रीण. औषधनिर्माणशास्त्र शिकायला सांगलीला आली होती, परत जाऊन तिनं हिंगोलीत औषधांचं दुकान टाकलं. मधल्या तीस वर्षांत ती चार वेळा माझ्याकडे आली, मी एकदाही गेले नव्हते. स्टेशनवर ती स्कूटर घेऊन आली होती. माझी बॅग पायांपाशी ठेवली आणि पहिलं वाक्य बोलली, "फलाटावरचा पंखा बघितलास का? तो आम्ही आणला."

मी बघितला नव्हता. तिनं स्कूटर स्टँडला लावली आणि मला परत आत नेऊन पंखा दाखवला. चांगला फिरत होता. शेजारचा पाण्याचा नळही त्यांचाच. त्याला तोटी नव्हती. कुणीतरी चिंधी घट्ट बांधून ठेवली होती.

"तोटीचा अर्ज गेलाय," उज्ज्वला म्हणाली.

"तोटी दुकानात मिळते की."

"मिळते. पण आपण लावली तर ती रेल्वेची होत नाही. मग पुढं बिघडली की तेच म्हणतात, लावणाऱ्याला विचारा."

यात तथ्य होतं.

उज्ज्वला तिथल्या प्रवासी समितीची सचिव आहे. घरी जेवताना तिनं सगळी हकीकत सांगितली. ताटात ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि एक ठेचा होता, ज्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. मी मसाल्याच्या धंद्यातली बाई, म्हणून मुद्दाम दुसऱ्यांदा घेतला. ते चुकलं.

हकीकत अशी. या मार्गावर पूर्वी पॅसेंजर गाड्या होत्या, आणि त्या प्रत्येक लहान ठाण्यावर थांबत. टाळेबंदीत सगळ्या बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा काहींची नावं बदलली, काहींच्या वेळा, आणि बऱ्याच लहान थांब्यांवर गाडी थांबेनाशी झाली. वसमतच्या अलीकडचं बोरसावंगी हे त्यातलंच एक. तिथल्या लोकांनी अर्ज केले, रस्त्यावर बसले, निवेदनं दिली. तीन वर्षांनी आता पत्र आलं होतं. सकाळच्या गाडीला बोरसावंगीत एक मिनिटाचा थांबा, तोही प्रायोगिक. तिथून तिकिटं किती जातात ते बघून पुढचं ठरणार.

"केव्हापासून?"

"सोमवारपासून. आणि रेल्वेचे साहेब पहिल्या दिवशी स्वतः गाडीत असणार आहेत. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, मॅडम, रिकाम्या फलाटावर गाडी उभी करायची मला हौस नाही."

एवढ्यात दारात एकामागून एक माणसं यायला लागली. कुणी 'जय भीम, ताई' म्हणत आलं, कुणी 'राम राम'. सगळी समितीचीच. शेवटी आले ते अध्यक्ष, दत्तराव गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक, पांढरेशुभ्र कपडे, काखेत वही. मी कोण हे कळताच त्यांनी पिशवीतून नारळ काढला, टॉवेल काढला, आणि मी काय घडतंय ते समजून घेण्याआधी माझा सत्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मी काहीच केलेलं नाही, गुरुजी."

"आलात की! सांगलीहून आलात. हे थोडं झालं का?"

आमच्याकडे सत्कार काम झाल्यावर होतो, आणि कधीकधी काम करणारा गेल्यावर. इकडे तो आधीच उरकतात. पुढच्या तीन दिवसांत माझ्याकडे सात नारळ जमले. मी शहाणी होऊन दुसऱ्या दिवसापासून रिकामी पिशवी बरोबर घ्यायला लागले.

शनिवार, जवळा बाजार

सकाळी नाश्त्याला सुशीला होता. हे बाईचं नाव नव्हे. चुरमुरे पाण्यात भिजवून, पिळून, पोह्यांसारखे फोडणीला टाकतात. सांगलीच्या माणसासमोर चुरमुरा भिजवणं म्हणजे आमच्या भडंगाचा अपमानच. पण खाल्ला, आणि परत मागून घेतला. घरी येऊन केला तर त्याचा चिखल झाला. पाण्यात किती वेळ ठेवायचा ते उज्ज्वलानं सांगितलं नव्हतं.

समितीनं गावोगाव भोंगा फिरवायचं ठरवलं होतं. जीप सलीमभाईंची. हा माणूस बोरसावंगी ते वसमत अशी प्रवासी जीप चालवतो. म्हणजे गाडी थांबायला लागली की पहिला फटका त्यालाच. मी त्याला तसं सरळ विचारलं.

"आपा, नुकसान तो होगा," तो हसत म्हणाला. "पण माझी बहीण पण त्याच गाडीनं माहेरी यायची ना. तीन सालपासून ती येऊन नाही राहिली, म्हणते जीपमध्ये कंबर जाते. माझ्याच जीपला नावं ठेवते बघा!"

औंढ्यापर्यंत रस्ता बरा होता. नागनाथाच्या देवळाकडे वळणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. आम्ही रसवंतीवर उसाचा रस प्यालो आणि सरळ पुढे गेलो. दोन्ही बाजूंना काळी शेतं, पीक निघाल्यानं उघडी पडलेली. मधूनच एखाद्या शेतात शिजवलेली हळद वाळत घातलेली दिसायची. पिवळी नव्हे, मातकट. पॉलिश होईपर्यंत हळद पिवळी दिसत नाही हे मला ठाऊक होतं, पण एवढी एकरभर पसरलेली मी सांगलीतही बघितली नाही. मी दोनदा जीप थांबवायला सांगितली. दोन्ही वेळा गुरुजी म्हणाले, "येताना."

येताना अंधार पडत आला होता.

जवळा बाजारात माणसं भरपूर होती आणि भोंगा जोरात होता. अडचण एवढीच की तो ज्याच्याकडून आणला होता तो माणूस एरवी भांडी विकतो. गुरुजींनी माइक हातात घेऊन 'बंधू-भगिनींनो, सोमवारी सकाळी' एवढं म्हटलं की यंत्र आपोआप मागच्या ध्वनिमुद्रणावर जायचं: 'जुन्या साड्या आणा, स्टीलची भांडी न्या!' सलीमभाईंनी बटणं दाबली, वायरी हलवल्या. काही उपयोग झाला नाही. गुरुजी नेटानं बोलत राहिले. दहा मिनिटांनी तीन बायका साड्यांची बोचकी घेऊन जीपपाशी उभ्या राहिल्या.

"पातेलं देणार का डबा?" एकीनं विचारलं.

"माय, गाडी देऊन राहिलो आमी," गुरुजी म्हणाले. "रेल्वेगाडी. सोमवारी बोरसावंगीला या."

"साडी घेऊन?"

"न्हाई, न्हाई. नुसतं स्वागताला या."

हे वाक्य मी ऐकलं होतं. तेव्हाच मला खटकायला हवं होतं. पण मी त्या वेळी एका दुकानातून आठवडाभर पुरेल एवढी शेंगदाण्याची चटणी घेत होते.

रविवार, बोरसावंगी

गाव लहान आहे. स्टेशन त्याहून लहान. एक नावाची पाटी, एक कडुनिंब, बसका फलाट आणि तिकिटाची एक खोली. रेल्वेचा कर्मचारी इथे नसतो. तिकिटं विकायचं काम गावातल्याच एका माणसाला दिलेलं असतं. इथं तो नामदेव. त्याचं किराणा दुकान समोरच आहे. गाडी थांबायची बंद झाल्यापासून त्यानं त्या खोलीत सोयाबीनची पोती रचली होती.

"रेल्वेची जागा आहे ना ही?" मी म्हटलं.

"म्हणून तर जपून वापरली," नामदेव म्हणाला. "एक उंदीर शिरू दिला न्हाई."

दिवसभर साफसफाई चालली. पोती बाहेर निघाली, फलाटावरचं गवत उपटलं, पाटीला रंग लागला. सगळ्यांत जास्त काम बायका करत होत्या, आणि त्यांत पुढे होती गयाबाई. पंचेचाळिशीची, काटकुळी, कासोटा खोचून गवताची मुळं खुरप्यानं काढत होती. मी तिच्या शेजारी बसून गवत उपटायला लागले. अर्ध्या तासात मला हळदीबद्दल जेवढं कळलं तेवढं आमच्या अडत्यांनी वीस वर्षांत सांगितलं नव्हतं. कारण गयाबाई वसमतच्या मोंढ्यात हळद निवडते. मोंढा म्हणजे तिकडची बाजारपेठ. लांब कांड्या वेगळ्या, गोल गड्डे वेगळे, किडकं बाजूला.

"इथून कशा जाता?"

"जीपनं. सलीमभाईच्या. तो माणूस चांगला हाय हो, पण जीप भरल्याबिगर निघत न्हाई, आन ती भरायला कधी आठ वाजतेत, कधी नऊ."

"आणि कामाची वेळ?"

"नवाला मुकादम नावं घेतो. नवाच्या नंतर गेलं की म्हणतो, उद्या ये. हप्त्यातून दोन-तीन दिस तर मी नुसतीच जाऊन येते. डबा तिथं खाते आन परत येते." तिनं एक मूळ झटक्यात उपटलं. "गाडी होती तवा आमी वीस जणी जायचो. साडेआठला मोंढ्यात. आता पाच राहिलो. मुकादमानं मला सांगून ठेवलंय, ह्या हंगामात वेळेवर येत जा, न्हाई तर तुजी जागा दुसरीला देतो. हंगाम तर आत्ता सुरू हाय. मग मी काय करू?"

 तिला उत्तर नकोच होतं. तिला गाडी हवी होती.

चार वाजता कडुनिंबाखाली बैठक बसली. गुरुजींनी वही उघडून सोमवारचा कार्यक्रम वाचून दाखवला. सकाळी सहाला मंडप. साडेसहाला लेझीम. सात चाळीसला गाडी. ड्रायव्हरला फेटा, गार्डला फेटा, साहेबांना शाल, नारळ आणि मानपत्र. इंजिनाचं औक्षण पाच सुवासिनी करणार, त्यांची प्रमुख गयाबाई. नंतर गुरुजींचं प्रास्ताविक, मग चार मान्यवरांची भाषणं.

"गाडी एक मिनिट थांबणार आहे," मी म्हटलं.

"ते कागदावर," गुरुजी म्हणाले. "सत्कार चालू असताना गाडी सोडणारा ड्रायव्हर अजून जन्मायचाय."

मग अर्धा तास वाद झाला. विषय होता ड्रायव्हरला फेटा कुणी बांधायचा. दोन भावकींत तो मान कुणाचा हे ठरेना. शेवटी उज्ज्वलानं तोडगा काढला की फेटा आधीच बांधून ठेवायचा आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर नुसता ठेवायचा, एकीकडून एकानं, दुसरीकडून दुसऱ्यानं. सगळ्यांना पटलं. या सगळ्या बोलण्यात तिकीट हा शब्द एकदाही आला नाही. हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं.

सोमवार, बोरसावंगी

उज्ज्वला आणि मी सकाळी सातला पोचलो. मंडप झकास झाला होता. शाळेची मुलं लेझीम खेळत होती. जवळपासच्या चार-पाच गावांची माणसं आली होती. जवळा बाजारातल्या त्या तीन बायकाही होत्या, साड्यांशिवाय. फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. इतकी माणसं पाहून मला बरं वाटलं. साहेब काय म्हणतील ते म्हणोत, फलाट रिकामा नव्हता.

मी वसमतला जाणार होते. तिथं मोंढ्यात हळद बघायची आणि दुपारी पुढच्या पूर्णा जंक्शनहून घरची गाडी धरायची. म्हणून नामदेवच्या खिडकीशी गेले आणि वसमतचं तिकीट मागितलं. त्यानं तिकीट काढलं, त्यावर तारखेचा शिक्का मारला, फुंकर घातली आणि माझ्या हातात दिलं.

"अभिनंदन," तो म्हणाला. "तुमीच पहिल्या."

"कुठं पहिल्या?"

"पहिलं तिकीट. तीन वर्षांनी पहिलं."

मी घड्याळ बघितलं. सात वाजून सोळा मिनिटं झाली होती. मी मागे वळले. एवढी माणसं, आणि खिडकीशी मी एकटी.

मी गुरुजींना गाठलं. ते मानपत्राच्या चौकटीवरची धूळ पुसत होते.

"गुरुजी, गाडीत बसणार कोण?"

"म्हंजे?"

"तिकीट कुणी काढलंय?"

"तिकीट?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मुहूर्तावर नवरदेवाचं वय विचारलं. "ताई, तिकीट काहून? आज स्वागत हाय. आपुनच गाडीत बसलो तर स्वागत कोण करणार?"

"आणि साहेब आज काय मोजणार?"

गुरुजींच्या हातातलं फडकं थांबलं.

मी गयाबाईकडे गेले. ती आणि तिच्याबरोबर मोंढ्यात जाणाऱ्या चौघीजणी ठेवणीतल्या साड्या नेसून, ताटं घेऊन उभ्या होत्या. कुंकू, अक्षता, निरांजन, सगळं जागच्या जागी.

"गयाबाई, आज मोंढ्यात जाणार ना?"

"आज कसं जाणार, ताई? आज खाडा केला की. इंजिनाला ओवाळायचंय."

"ज्या गाडीनं वेळेवर कामाला जायचं म्हणून तीन वर्षं भांडलात, ती आली त्याच दिवशी कामावर खाडा?"

गयाबाईनं ताटाकडे बघितलं. मग शेजारणीकडे. "व्हय की गं," ती हळूच म्हणाली. शेजारीण खुदकन हसली, आणि मग पाचहीजणी हसायला लागल्या. वात हलायला लागली तेव्हा थांबल्या.

हसण्यात दोन मिनिटं गेली. वीस उरली. उज्ज्वलानं माइकवरून लोकांना तिकिटं काढायला सांगितलं. कुणी हललं नाही. का हलावं? कुणाची म्हैस सोडायची होती, कुणाला परत येताना गाडी नव्हती, कुणी नुसतंच बघायला आलं होतं. एक आजोबा म्हणाले, "आमी उद्या बसू. आज गर्दी हाय." गर्दी त्यांचीच होती.

आता माणसं कशासाठी आलीत हे आधी बघावं, असं माझ्या मनात आलं. ती सत्कारासाठी आली होती. मग सत्कारच गाडीत न्यावा. मी गुरुजींना म्हटलं, "साहेब डब्यात बसलेले असणार. एका मिनिटात त्यांना खाली उतरवून शाल घालता येणार नाही. मानपत्र वाचून होणार नाही. तुमचं प्रास्ताविक तर नाहीच नाही. पण इथून वसमत अर्धा तास आहे. सगळा कार्यक्रम चालत्या गाडीत करा. ज्याला सत्कारात, भाषणात, फोटोत यायचंय, त्यानं तिकीट काढायचं."

गुरुजींनी क्षणभर विचार केला. अर्ध्या तासाचं भाषण, आणि श्रोते उठून जाऊ शकत नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला मी आनंदच म्हणेन. त्यांनी माइक घेतला.

"कार्यक्रमात बदल! सत्कार समारंभ गाडीत होईल! वसमतपर्यंत! परतीला सलीमभाईंची जीप उभी राहील!"

"माझी?" सलीमभाई मागून ओरडले. मग म्हणाले, "चलो, ठीक है. एक दिवस तरी भरून जाईल!"

मग रांग लागली. अशी रांग नामदेवनं आयुष्यात बघितली नसेल. दोन्ही भावक्या पुढे, फेटा मधे. पण नामदेवचा हात काही चालेना. प्रत्येक तिकिटावर शिक्का मारायचा, फुंकर घालायची, मग द्यायचं. मी आत शिरले आणि शिक्का हातात घेतला. कारखान्यात पाकिटांवर तारखा मारून माझा हात बसलेला आहे. "फुंकर बंद करा," मी त्याला म्हटलं. "वाळतंय आपोआप." त्यानंतर बरं चाललं.

सात अडतीसला नामदेवनं दोन्ही हात वर केले.

"संपली."

"काय संपलं?"

"तिकिटं. मी पन्नासच आणली होती. म्हटलं एवढी कोण काढतंय!"

रांगेत अजून तेवढीच माणसं असतील. मोबाईलवर तिकीट काढायला गेलेल्यांना तिथल्या यादीत बोरसावंगीचं नावच सापडेना. एकजण म्हणाला, "तसंच चढू. आज कोण इचारतंय?" उज्ज्वला त्याच्यासमोर उभी राहिली. "आज साहेब विचारतील. बिनतिकिटाचा एकही माणूस चढला तर तीन वर्षांचं सगळं पाण्यात." तो माणूस मागे झाला. तेवढ्यात कडुनिंबापलीकडून शिट्टी ऐकू आली.

गाडी आली. ड्रायव्हर इथं बऱ्याच काळानं थांबत होता. इंजिन फलाट सोडून चांगलं पुढे गेलं आणि खडीत उभं राहिलं. औक्षणाच्या बायका ताटं घेऊन धावत सुटल्या. लेझीम त्यांच्या मागे. फेटेवाले दोघे फेट्याची एकेक बाजू धरून पळत होते. मी माझी बॅग आणि नारळांची पिशवी दारातून आत ढकलली, स्वतः चढले आणि वळून बघितलं. गयाबाई अर्ध्या वाटेत थांबली होती. तिच्या कमरेला तिकीट खोचलेलं होतं आणि हातात ताट.

शेजारी गुरुजी. एका हातात मानपत्र, दुसऱ्या हातात भाषणाची वही.

"गुरुजी, धरा," ती म्हणाली, आणि ताट त्यांच्या हातांवर ठेवलं. वही खाली पडली. "तुमीच ओवाळा. मला नवाच्या आत पोचायचंय."

ती पळत आली. मी हात दिला. तिकिटं बाकीच्या चौघींनीही काढली होती; त्या तिच्याकडे बघून आपापली ताटं जवळच्या पुरुषांच्या हाती देऊन चढल्या. गार्डनं हिरवा झेंडा दाखवला आणि गाडी हलली. सत्कार चालू नव्हता, त्यामुळे ती कुणी थांबवलीही नाही. फलाटावर गुरुजी उभे होते, काखेत मानपत्र, हातात पेटलेलं निरांजन. शेवटचा डबा समोर आला तेव्हा त्यांनी भान ठेवून त्यालाच ओवाळलं. पाठमोऱ्या गार्डलाही एक अक्षत पडली.

गाडीत

साहेब पुढच्या डब्यात होते. तरुण, चष्मेवाले, हातात फाईल. त्यांच्याभोवती पन्नासच्या आसपास माणसं, एक फेटा, आणि अध्यक्ष नसलेली सभा. शाल उज्ज्वलानं घातली. भाषण कुणालाच येत नव्हतं, कारण ते वहीत होतं आणि वही बोरसावंगीत.

साहेबांनी खिडकीतून मागे बघत विचारलं, "एवढी माणसं फलाटावर राहिली. ती का चढली नाहीत?"

"तिकिटं संपली, साहेब," उज्ज्वला म्हणाली.

"संपली म्हणजे?"

"पन्नास होती. सगळी गेली."

साहेबांनी तिकिटं बघायला मागितली. लोकांनी हात पुढे केले. त्यांनी खरंच एकेक बघितलं, माझंही. मग फाईल उघडून लिहायला लागले. गयाबाई त्यांच्यासमोर उभी राहिली.

"साहेब, आज ह्ये लोक मिरवायला आलेत. उद्या न्हाई येणार. तुमी ते पण लिवा."

 फेटेवाल्यांपैकी एकानं डोळे मिटले.

"पण मी येणार," ती पुढे म्हणाली. "आन ह्या चौघी. हंगामभर. रोज. उरलेल्या पंधराजणी बी येतील, गाडी टिकती म्हणून त्यांना कळू द्या. ते बी लिवा."

साहेबांनी फाईलमधून मान वर केली. "मावशी, तुम्ही कुठं जाता रोज?" तिनं सांगितलं. त्यांनी लिहिलं. नऊची वेळसुद्धा लिहिली, हे मी वाकून बघितलं. नंतर म्हणाले, "थांबा पुढं चालू ठेवावा, असं मी कळवतो. आणि त्या माणसाला तिकिटं जास्त आणायला सांगा." त्यांनी खरोखर तसं कळवलं. मी सांगलीला परतल्यावर महिन्याभरात उज्ज्वलाकडे पत्र आलं, थांबा चालू राहिला. गुरुजींनी त्या पत्राचाही सत्कार केला असं ऐकलं, पण ते उज्ज्वलाचं सांगणं, आणि ती थोडी वाढवून सांगते.

वसमत

सव्वाआठला वसमत आलं. मी बॅग स्टेशनवर उज्ज्वलापाशी ठेवली आणि गयाबाईच्या मागे चालायला लागले. ती चालत नव्हती, पळत होती. बाकीच्या चौघी आमच्या पुढे.

मोंढ्यातल्या त्या गोदामात हळदीचे ढीग छातीपर्यंत होते. वास असा की मला आमचा कारखाना आठवला, दहापटींनी. मुकादम दारात खुर्ची टाकून बसला होता. त्यानं गयाबाईची भरजरी साडी पायापासून डोक्यापर्यंत बघितली.

"काय गं, लग्नाला निघालीस का?"

"लग्न लावून आले," ती म्हणाली. "किती वाजले ते बघ आदी."

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अजून पावणेनऊ व्हायचे होते. "आज जीप लवकर सुटली?"

"जीप न्हाई. गाडी."

"आन उद्या?"

"उद्या बी गाडी."

त्यानं हातानं आत जा अशी खूण केली. आत बायका बसायला लागल्या होत्या. जी आधी येईल ती दाराशी बसते, तिथं उजेड आणि वारा असतो. उशिरा येणाऱ्यांना मागे, धुरळ्यात. गयाबाई दाराशी बसली. पदर खोचला, सूप ओढलं, आणि हात चालू झाले. लांब कांड्या इकडे, गड्डे तिकडे. तिचे हात बघून मला कळलं की आमच्याकडे येणारा माल स्वच्छ का असतो.

मी व्यापाऱ्याशी बोलले, नमुने घेतले, एक पोतं ठरवलं. माझी पूर्णेची गाडी होती, म्हणून निरोप घ्यायला दाराशी आले. ती इतकी गुंगली होती की वर बघेना. मी तिथंच उभी राहिले, काहीतरी बोलावं म्हणून.

"गयाबाई, निघते मी."

"या, ताई," तिनं मान वर न करता म्हटलं. "जरा बाजूला व्हा. उजेड अडून राहिला."

मी बाजूला झाले.